पाहुण्यांचे टाके, साठ गोधड्या आणि काजूचा हंगाम: डिचोली तालुक्यातील एका बचत गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातील एका गावचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे, गटाचे आणि माणसांचे नाव कुठेच दिलेले नाही.

गोव्यातील खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये थांबल्या. मध्यंतरी काही सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे (खाणीच्या भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. खाण चालू असताना या गावात घरटी कोणी ना कोणी ट्रकवर, मशिनवर किंवा गॅरेजात होते. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच राहिले. पुरुषांपैकी काही जण औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर लागले, काहींना अजून कायमचे काम नाही. घर चालते ते बायकांच्या तुकड्या-तुकड्यांनी जमवलेल्या पैशांवर: गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना १,५०० रुपये, फेब्रुवारी ते मे काजू, कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) मजुरी आणि थोडेफार पापड-लोणचे.

बचत गट चौदा जणींचा. गोधडी शिवणे हे त्यांच्यापैकी बहुतेकींना आई-आजीकडून आलेले. सरकारी मेळाव्यात आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बाजारात वर्षाला दहा-बारा गोधड्या जात, ९०० रुपयांना एक. एवढ्याला विकून काय पडते हा हिशेब तोवर कोणी मांडला नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये जवळच्या होमस्टेच्या मालकामार्फत प्रस्ताव आला. जर्मनीतील एक आयोजक दरवर्षी स्वयंसेवकांच्या तुकड्या भारतात आणतो. स्वयंसेवक प्रवास, राहणे आणि 'कार्यक्रम' यांचे पैसे आयोजकाला भरतात. या वेळी बारा जण दहा दिवस गावात येऊन 'गरीब कुटुंबांना हस्तकलेतून मदत' करणार होते. म्हणजे बायकांबरोबर बसून शिवणार, शिवलेले विकत घेणार आणि जाताना शिलाई मशिनसाठी सव्वा लाख रुपये देणगी देणार.

अडचण

वरवर पाहता नाही म्हणण्यासारखे काही नव्हते. खरी अडचण अशी की प्रस्तावात पाहुण्यांच्या दहा दिवसांचे तासवार वेळापत्रक होते, पण पाहुणे गेल्यानंतरच्या अकरा महिन्यांबद्दल एक ओळ नव्हती. गटाला हवे होते ते वर्षभर टिकणारे गिऱ्हाईक, आणि पुढ्यात आले होते मदतीचे हात. शिवणाऱ्या हातांची गावात कधीच कमतरता नव्हती.

दुसरी अडचण कायद्याची. तिची जाणीव गटाला नव्हती आणि आयोजकालाही पुरती नव्हती.

समोर असलेले पर्याय

सरळ नकार देण्याचा विचार दोघींनी मांडला. 'जानेवारीत घरात लग्ने असतात, वर ही पाहुण्यांची उस्तवार कोण करणार,' असे त्यांचे म्हणणे. तो मुद्दा तेव्हा हसण्यावारी गेला. पुढे तोच सर्वांत खरा ठरला.

देणगी घेण्याचा पर्याय जिल्ह्याच्या गावी बसणाऱ्या एका हिशेबनिसाने पहिल्याच भेटीत बाद केला. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी ही विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे सगळे ज्याला एफसीआरए म्हणतात त्याखाली येते. ती घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे चालू असावी लागते आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. बचत गट यात कुठेच बसत नाही. 'मग नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेने घ्यावेत आणि आम्हाला द्यावेत' ही पळवाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद केली आहे. एका संस्थेने घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. पाहुण्यांनी पाकिटात घालून रोख दिली तरी कायदा बदलत नाही.

पण विकलेल्या मालाची किंमत ही देणगी नव्हे. व्यवसायाच्या ओघात दिलेल्या वस्तूचे किंवा सेवेचे पैसे या कायद्यात अंशदान धरले जात नाहीत. पुढचा सगळा मार्ग या एका फरकावर ठरला.

तसेही मशिनचा फारसा उपयोग नव्हता. घरगुती शिलाई मशिन चार थरांची गोधडी नीट ओढत नाही, थर सरकतात, आणि गिऱ्हाईक पैसे देते ते हाताच्या धावदोऱ्याचे. साड्या जोडायला आणि कडेची गोट घालायला एक मशिन पुरे, आणि ते गटाकडे होते. सव्वा लाखापेक्षा जास्त गरज होती ती दोन चांगल्या कात्र्या, जाड डोळ्याच्या लांब सुया (पातळ सुई चार थरांत वाकते), चौदा अंगुस्ताने आणि न ताणणारी मोजपट्टी यांची. हा सगळा खर्च काही हजारांत बसतो.

तिसरा पर्याय पाहुण्यांच्या मनातला: सगळ्यांनी मिळून शिवायचे आणि शिवलेले पाहुण्यांनी सामानातून नेऊन तिकडे विकायचे. युरोपीय संघात विमानाने येणाऱ्या प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्या वस्तूंवर सूट आहे, पण ती स्वतःच्या वापरासाठी किंवा भेटीसाठी आणलेल्या वस्तूंवर. विक्रीचा माल त्यात बसत नाही. पाहुण्याने स्वतःसाठी एक गोधडी विकत घेऊन नेली तर प्रश्न नाही. बारा बॅगांतून साठ गोधड्या नेल्या तर तो व्यापार होतो, आणि विमानतळावर अडकणारा माणूस गटाचा पाहुणा असतो.

चौथा पर्याय गटाच्या सचिवांनी मांडला. पाहुणे येऊ देत, पण आयोजकाने देणगीऐवजी लेखी ऑर्डर द्यावी, आगाऊ रकमेसह. माल गोव्यातीलच आयात-निर्यात क्रमांक असलेल्या एका निर्यातदारामार्फत जावा, त्याचे कमिशन आणि वाहतूक खरेदीदाराने, म्हणजे आयोजकाने, वेगळी द्यावी. परकीय चलन निर्यातदाराच्या खात्यात येईल, गटाला रुपयांत पैसे मिळतील. हा पर्याय घेतला.

भाव कसा ठरला

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

ठरलेली गोधडी ६० बाय ९० इंच, चार थर, चारही थर साड्यांचे. एका थराला साडेतीन चौरस मीटर कापड, म्हणजे चार थरांना १४. विरलेला भाग सोडून इतके कापड काढायला तीन ते चार सुती साड्या लागतात. शिवण काठाकडून आत फिरत जावो की सरळ रांगांत, टाक्याची एकूण लांबी ठरते ती दोन ओळींमधल्या अंतरावर. अर्ध्या इंचावर ओळ घेतली तर एका गोधडीत २७४ मीटर धावदोरा होतो, पाऊण इंचावर घेतली तर १८३ मीटर. दोघींना घड्याळ लावून शिवायला बसवले. पाच-सहा मिलिमीटरचा टाका घेत तासाला साधारण सहा मीटर शिवून होतात. म्हणजे दाट गोधडीला ४६ तास, पाऊण इंची गोधडीला ३०.

आता जुना भाव पाहा. ९०० रुपयांतून साड्या, दोरा, गोट यांचे ४७० वजा केले की उरतात ४३०. शिवण दाट, ४६ तासांची. तासाला सव्वानऊ रुपये. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर सभामंडपात काही वेळ कोणी बोलले नाही, मग एक जण म्हणाली, 'काजू वेचून ह्याच्या चौपट सुटतात.' अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

गटाने तळाचा दर म्हणून रोजगार हमीचा दर धरला. २०२४-२५ साठी गोव्यात तो दिवसाला ३५६ रुपये होता, आठ तासांनी भागले तर तासाला साडेचव्वेचाळीस. पाऊण इंची गोधडीची मजुरी १,३३५ रुपये. त्यात सामानाचे ४७० (चार साड्या २४०, दोरा ९०, गोटेचे कापड ८०, धुणे-इस्त्री-बांधणी ६०) मिळवले की १,८०५, आणि दहा टक्के वरकड (इतर खर्चासाठीची भर) धरून सुमारे १,९८५. भाव ठरला २,००० रुपये.

अर्ध्याऐवजी पाऊण इंच हा निर्णय सहज झाला नाही. जुन्या जाणत्यांना ती 'ढिली' शिवण वाटली. पण चिंध्या भरलेल्या गोधडीत आतले तुकडे सरकू नयेत म्हणून दाट शिवण लागते. इथे आतले थर सलग साडीचे होते, ते सरकत नाहीत. दोन्ही शिवणींचे एकेक फूट चौकोनी नमुने खरेदीदाराला दाखवले, त्याला दाट शिवणीसाठी जास्त पैसे मोजायचे नव्हते. सोळा तासांची बचत तिथेच झाली.

ऑर्डर ६० गोधड्यांची, १५ एप्रिलपर्यंत. आगाऊ ४० टक्के, म्हणजे ४८,००० रुपये.

दहा दिवसांत काय झाले

व्हिसाची बाजू सोपी निघाली. ई-टुरिस्ट व्हिसावर एक महिन्यापर्यंत बिनमोबदला स्वयंसेवा करता येते. पाहुण्यांना सदस्यांच्या घरी उतरवण्याची कल्पना मात्र सोडून दिली, कारण परदेशी माणूस ज्याच्याकडे राहतो त्याला त्या वेळी २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म सी (परदेशी पाहुण्याची नोंद) भरावा लागे. होमस्टेवाल्याला ते सवयीचे होते.

पाहुणे उत्साही आणि नम्र होते. रोज सकाळी दहा ते चार देवळाच्या सभामंडपात बसून शिवत. त्यांच्या टाक्यांत दोन दोष होते. एक, टाका दीड-दोन सेंटीमीटर लांब. अंथरूण-पांघरुणात असा टाका पायाच्या बोटात अडकतो आणि तुटतो, एक तुटला की ओळ उसवत जाते. दुसरा दोष अधिक त्रासाचा. ओळ संपली की ते दोरा ओढून घट्ट करत, त्यामुळे कापड चुण्या धरी आणि गोधडी एका बाजूने आखडे. चार गोधड्या अशा झाल्यावर गटातील सर्वांत वयस्क काकींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि अध्यक्षांना हळूच सांगितले, 'वहिनी, रात्री उसवून ठेवूया. त्यांना कळता कामा नये.'

प्रत्येक गोधडी उसवायला नऊ तास लागले. ब्लेडने टाका कापायचा, दोरा चिमटीने ओढायचा, साडी विरलेली असेल तर तीही फाटू द्यायची नाही. चार गोधड्यांचे ३६ तास. एवढ्यात एक गोधडी सुरुवातीपासून शिवून झाली असती.

जेवण हा त्याहून मोठा खर्च. चार जणी रोज चार तास बारा माणसांचा स्वयंपाक, वाढप आणि भांडी करत होत्या. दहा दिवसांचे १६० तास. उसवण्याचे ३६ मिळवले तर १९६ तास, रोजगार हमीच्या दराने ८,७२२ रुपयांची मजुरी. ती ना आयोजकाने दिली ना गटाने मागितली, 'पाहुणचाराचे पैसे कसे मागायचे' म्हणून. आयोजकाने पाहुण्यांकडून जेवणासह पैसे घेतले होते हे नंतर कळले.

एका गोष्टीचा मात्र खरा फायदा झाला. पाहुण्यांमध्ये एक बाई कापड व्यवसायातून निवृत्त झालेली होती. तिने दोन दिवस शिवण सोडून मोजमापाचा तक्ता, तपासणीची यादी आणि धुण्याच्या सूचनांची पट्टी तयार करून दिली. पुढे जो माल परत आला नाही तो तक्ता आणि यादी या दोन कागदांमुळे.

फोटोंचा प्रश्न पाहुणे गेल्यावर उभा राहिला. आयोजकाच्या पानावर एका सदस्येचा फोटो 'उपासमारीतून बाहेर' अशा अर्थाच्या मजकुरासह लागला. मुंबईत नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने तो पाहून आईला फोन केला. 'आम्ही उपाशी कधी होतो?' एवढाच तिचा प्रश्न होता. फोटो पानावरून काढून टाकायला लावला. तेव्हापासून गोधडीच्या चिठ्ठीवर फक्त कापड, माप, टाका आणि तालुका असतो.

ऑर्डर कुठे अडखळली

कागदावरचा हिशेब सोपा होता. चौदा जणी रोज तीन तास, म्हणजे दिवसाला ४२ तास. साठ गोधड्यांना १,८०० तास. त्रेचाळीस दिवसांत काम संपेल, हातात ७४ आहेत.

फेब्रुवारीत २६ गोधड्या झाल्या. मार्चमध्ये ११. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चार. फेब्रुवारीच्या अखेरीस काजूची बोंडे पडू लागतात आणि बिया रोजच्या रोज वेचाव्याच लागतात. त्यातच मार्चमध्ये शिगमो, म्हणजे होळीचा सण. गावात कोणालाही विचारले असते तर हे कळले असते, आणि गटातल्या प्रत्येकीला ते ठाऊकच होते. पण तारीख ठरवताना खरेदीदाराने एप्रिल म्हटले आणि आगाऊ रक्कम हातची जाईल या धास्तीने कोणी बोलले नाही.

झालेल्या ४१ पैकी ७ नाकारल्या गेल्या.

तीन मापात बसल्या नाहीत. शिवताना गोधडी साडेचार टक्क्यांपर्यंत आखडते, म्हणून कापड ६३ बाय ९४ कापायचे असे तक्त्यात होते. एका घरी सरळ ६० बाय ९० कापले गेले आणि तयार माल ५७ बाय ८६ निघाला. सूट एक इंचाची होती.

तीन रंग सोडणाऱ्या. साडीची चाचणी घेतली होती: ओले पांढरे फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री दहा सेकंद. पण चाचणी साडीच्या अंगाची झाली, काठाची नाही, आणि लालभडक काठ पहिल्या धुण्यात सुटला. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो या समजुतीवर दोन दिवस गेले. रंगवून झालेल्या कापडाला मीठ काही करत नाही.

एक फाटली. वरची साडी उजेडात धरून दोन्ही अंगठ्यांनी आडवी ताणून पाहायची असते. ती पाहिली नव्हती.

'शंभर टक्के सुती' अशी पट्टी लावावी ही मागणी गटाने मान्य केली नाही, आणि ते योग्य झाले. जुन्या साड्यांत काय मिसळले आहे हे खात्रीने सांगता येत नाही. दोरा जाळून पाहण्याची रीत आहे. सुती दोऱ्याला कागद जळल्याचा वास येतो आणि भुरभुरीत राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. त्यावरून निवड करता येते, प्रमाणपत्र देता येत नाही. पट्टीवर 'वापरलेल्या साड्या, मुख्यतः सुती' असे छापले गेले.

नाकारलेल्या मालाची मजुरी कोणी सोसायची, यावर बैठक तापली. शेवटी ठरले ते असे: दोष कापडात असेल तर शिवणारीला पूर्ण मजुरी, कारण साडी गटाने दिली होती. दोष मापात किंवा साडी न तपासता वापरण्यात असेल तर नाही. रंगाच्या तिन्ही गोधड्यांची मजुरी गटाने दिली. मापाच्या तीन चवथीच्या बाजारात प्रत्येकी १,२०० ला गेल्या.

पावसाळा

उरलेल्या २६ गोधड्या मध्य नोव्हेंबरपूर्वी पोचाव्यात असे खरेदीदाराशी नव्याने ठरले, कारण तिकडचे नाताळचे बाजार नोव्हेंबरच्या अखेरीस भरतात. मे-जूनमध्ये बारा तयार झाल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून कपाटात ठेवल्या. सप्टेंबरात उघडल्या तेव्हा पाचांवर काळे ठिपके होते. गोव्याच्या पावसाळ्यात कोरडे भासणारे सुती कापडही हवेतला ओलावा धरून असते, पिशवी बंद केली की तो आतच कोंडतो. सोबत कडुनिंबाचा पाला होता. त्याने कीड लांब राहते, बुरशी नाही. ठिपके ब्लीचने काढावेत तर रंग जातो. त्या गोधड्यांचे स्वच्छ भाग कापून बसण्याच्या चटया केल्या.

यातून पुढचे वेळापत्रक निघाले. साड्या एप्रिल-मेच्या उन्हात धुऊन, तपासून, सुकवून ठेवायच्या. पावसात घरात बसून फक्त शिवायचे, लावणीचे दिवस सोडून. शिवून झालेले धुवायचे नाही, सुती चादरीत गुंडाळून भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवायचे. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस उलटून-पालटून तापवायचे आणि मगच प्लॅस्टिकमध्ये बांधायचे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात २१ गोधड्या गेल्या. पाच कमी पडल्या, तेवढी ऑर्डर रद्द झाली. साठांपैकी ५५.

निष्पत्ती

पहिल्या खेपेचा हिशेब असा. चौतीस गोधड्यांचे ६८,००० आले. मजुरी ३७ गोधड्यांची, ४९,३९५ रुपये. सामान ४१ गोधड्यांचे, नाकारलेल्यांची बांधणी वाचली ती वजा करून १८,८५०. दोन्ही मिळून ६८,२४५. दहा टक्के वरकड कागदावर होती, वहीत मात्र २४५ रुपये तूट. ती मापाच्या गोधड्या विकून भरून निघाली, हे नशीब.

अडीच महिन्यांत सरासरी एका बाईला ३,५२८ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १,४०० मिळाले. गृह आधारच्या रकमेला जवळपास टेकणारी ही कमाई लहान नाही. पण सरासरी फसवी आहे. एकीने सहा गोधड्या केल्या, एकीने एक. एकच करणारी विधवा, घरात अंथरुणाला खिळलेली सासू, तिच्या स्वतःच्या डोळ्यांना मोतीबिंदू. ज्या 'गरीब कुटुंबा'साठी हा सगळा खटाटोप होता, तिच्याच वाट्याला सर्वांत कमी आले. नगावर मजुरी दिली की असेच होते. निपुण हात पुढे जातात, अडलेले मागे राहतात.

गटाने नंतर साड्यांची छाननी, जळण-चाचणी, इस्त्रीची चाचणी, मोजणी आणि बांधणी ही कामे नगातून काढून तासावर दिली. बारीक नजर न लागणारी कामे त्या बाईकडे आणि आणखी एकीकडे आली. साड्या जोडणे आणि गोट घालणे यांचे एका गोधडीमागे तीन तास मशिनवाल्या दोघी आजवर फुकट करत होत्या, तेही तेव्हा लक्षात आले.

दुसऱ्या वर्षी वेगळे काय केले

पुढच्या जानेवारीत पाहुणे पुन्हा आले, दहा दिवसांऐवजी चार दिवस. जेवणाचे ताटामागे २५० रुपये, रांधणाऱ्यांना तासाची मजुरी त्यातूनच. विक्रीच्या मालाला पाहुण्यांनी हात लावायचा नाही. ज्याला शिवून पाहायचे आहे त्याने ४०० रुपये भरून एक फूट चौकोन शिवायचा आणि तो स्वतः घेऊन जायचा. आयोजकाला हे बोचेल असे वाटले होते. उलट पाहुण्यांना तो चौकोनच जास्त आवडला. बाकी वेळ मालाचे फोटो, मोजणी, चिठ्ठ्यांचे भाषांतर आणि तिकडच्या दुकानदारांची यादी यात गेला.

भाव ३३ तास आणि २० टक्के वरकड धरून २,३५० मागितला, २,२५० वर तुटला. ऑर्डर ४५ वर आली. आगाऊ ५० टक्के. त्यातल्या वीस गोधड्या फेब्रुवारीअखेर द्यायच्या, पंचवीस ऑक्टोबरअखेर. मार्च ते मे या काळात कुठलीही तारीख घ्यायची नाही, असे करारात लिहूनच घेतले.

वेगळे काय करता आले असते

पाहुण्यांच्या पहिल्याच दिवशी एक फूट चौकोनाची अट घातली असती तर उसवण्याचे ३६ तास वाचले असते आणि रात्रीची लपवाछपवीही टळली असती. टाका बरोबर नाही हे पाहुण्याला सांगणे आपल्याकडे जड जाते. नियम आधी लिहिलेला असेल तर सांगावे लागत नाही.

पहिली ऑर्डर साठांची घ्यायलाच नको होती. फेब्रुवारीत किती होतात हे माहीत नसताना पंचवीसची घेतली असती तर ती वेळेत गेली असती, आणि रंगाचा व मापाचा दोष पहिल्या पाच-सहा गोधड्यांत पकडला गेला असता. पहिली गोधडी धुऊन, मोजून, मान्य झाल्याशिवाय दुसरी कापायची नाही, ही अट गटाने आता ठेवली आहे.

मजुरीचा दर गोठवणे ही चूक दुसऱ्या वर्षीही झाली. रोजगार हमीचा दर दरवर्षी १ एप्रिलपासून बदलत आला आहे, गटाच्या तक्त्यात मात्र ३५६ तसाच राहिला. त्यामुळे साऱ्या पंचेचाळीस गोधड्यांना जुनीच मजुरी. करारात 'शिवण्याच्या वेळी लागू असलेला दर' अशी एक ओळ घातली तर पुरे.

एकाच खरेदीदारावर अवलंबून राहणे अजून सुटलेले नाही. जर्मनीत आयात मालावर १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतो, वाहतूक आणि कमिशन वेगळे. तिकडच्या गिऱ्हाइकाला पडणारी किंमत आणखी किती वाढू शकते यालाही मर्यादा आहे. पणजी आणि पर्वरीतील दोन दुकानांनी नमुने ठेवून घेतले आहेत. ती माल विकल्यावर पैसे देतात, आगाऊ नाही, आणि पावसाळ्यात दुकानात गोधडीला बुरशी आली तर तोटा कोणाचा, यावर बोलणी अडली आहेत.